शिक्षकांच्या भेदभावविरोधी प्रशिक्षणात आदिवासींची बाजू कशी आणावी?

खडूफळा (प्रश्न)

पालघर जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळा मिळून चाळीस शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं आहे. विषय आहे वर्गातला भेदभाव. हाती आलेल्या आराखड्यात जात, लिंगभाव आणि दिव्यांगत्व अशी तीन मोठी सत्रं आहेत. आदिवासी मुलांसाठी काय, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण तास 'आदिवासी संस्कृतीची ओळख', म्हणजे तारपा नाच आणि वारली चित्रांचं प्रात्यक्षिक. या शाळांमधली मुलं जवळजवळ सगळी वारली, कोकणा, कातकरी, म ठाकूर आणि मल्हार कोळी या जमातींची आहेत.

आराखडा बदलायची मोकळीक आहे. हा विषय वेगळं सत्र म्हणून घ्यावा की सगळ्या सत्रांत मुरवावा? बोलायला कोणाला बोलवावं? शिक्षकांपैकी निम्मे स्वतः आदिवासी आहेत, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी? बाकीचे पहिल्या दहा मिनिटांत 'आम्ही असला भेदभाव करत नाही' म्हणून मोकळे होतात, तिथून पुढे कसं जावं? अनुभवी मंडळींनी कृपया नेमकं सांगावं.

सह्यवेध

आधी ते पाऊण तासाचं सत्र तिथून काढा. नाच बघताना शिक्षक पाहुणा होतो, टाळ्या वाजवतो, आणि त्याच्या वर्गात रोज काय चालतं हा प्रश्न बाजूला पडतो. वारली चित्रं घ्यायचीच असतील तर नीट घ्या. लग्नघरात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी (लग्नविधी करणारी बाई) गाते, त्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. आता शिक्षकांना विचारा की शाळेच्या भिंतीवर ही चित्रं रंगवताना पाड्यातल्या एखाद्या बाईला शाळेने बोलावलं का, की बाहेरचा पेंटर आणून काम उरकलं. एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास चर्चा चालते, आणि ती भेदभावाचीच चर्चा असते.

पहिलं सत्र 'शाळेचा दिवस' असं ठेवा, सव्वा तासाचं. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक मोठा कागद द्या. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंतचं वेळापत्रक त्यावर लिहायला सांगा आणि प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी मांडायला लावा: काम कोण करतं, बोलतं कोण, आणि ओरडा कशाबद्दल बसतो. पाणी कोण भरतं, शौचालय कोण धुतं, परिपाठात माईक कोणाच्या हातात असतो, शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते का, 'फुकट मिळतं म्हणून किंमत नाही' हे वाक्य कधी कानावर पडतं. 'तुम्ही करता का' असं विचारू नका, 'शाळांमध्ये काय घडतं' असं विचारा. गट पाडताना एकाच शाळेचे शिक्षक आणि त्यांचे मुख्याध्यापक एकत्र येऊ देऊ नका, नाहीतर कागद कोरा राहतो. 'आम्ही भेदभाव करत नाही' या वाक्यावर वाद घालत बसायची गरज पडत नाही, कारण कागदावरचा दिवस त्यांच्याच हातचा असतो.

दुसरं सत्र भाषेचं, आणि तुमच्या भागात तेच सगळ्यात महत्त्वाचं. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल शाळेत आलं की शिक्षकाला निदान कळतं की ही वेगळी भाषा आहे, आपल्याला येत नाही. वारली, कोकणा, कातकरी या बोली मराठीच्या जवळच्या. म्हणून शिक्षकाला वाटतं मूल मराठीच बोलतंय, पण चुकीचं. घरची भाषा 'अशुद्ध' ठरते आणि तोंड उघडताच दुरुस्ती सुरू होते. असं मूल महिन्याभरात वर्गात बोलणं सोडतं, आणि मग प्रगतिपत्रकावर 'अबोल' असा शेरा येतो.

यासाठी एक जुना, चांगला प्रयोग आहे. गोंडी किंवा कोरकू सफाईने बोलणाऱ्या व्यक्तीकडून शिक्षकांसमोर बेरजेचा एक तास त्या भाषेत घ्या. उंदी, रंड, मुंद, नालुंग असे आकडे, सूचना गोंडीत, प्रश्न गोंडीत, उत्तर न आल्यावर 'लक्ष नाही का' हेही गोंडीत. बारा मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका. नंतर तीनच प्रश्न: तुम्ही कधी ऐकणं सोडलं? कोणाची नक्कल करून वेळ मारून नेली? मराठीत विचारलं असतं तर गणित आलं असतं का? इथे एक गोष्ट हमखास बिघडते. लोक हसतात, खेळ म्हणून मजा घेतात आणि चहाला जातात. म्हणून मध्ये सुट्टी न देता लगेच पहिलीचं मराठीचं पुस्तक हातात द्या. पाड्यावरच्या घरात नसलेली वस्तू, नातं, सण, जेवण पहिल्या दहा पानांत जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. शेजारी घरच्या बोलीतला शब्द लिहायला सांगा. बहुतेकांना तो लिहिता येत नाही, आणि मुद्दा तिथे पोहोचतो.

शेवटी वर्गासाठी ठोस नियम द्या. पहिली-दुसरीत उत्तर कोणत्याही बोलीत आलं तरी आधी आशय तपासायचा. फळ्यावर दोन रकाने: घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. घरच्या शब्दावर काट मारायची नाही. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाचं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा आणि मुलाला भयमुक्त ठेवा असं सांगतं.

इतिहासासाठी दीड तास ठेवा. १९४५ साली तुमच्याच भागात, तेव्हाच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत, वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. त्या भागात दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं. आदिवासींना 'जागृत करायला' शाळा आली असं त्यांना मनापासून वाटतं. त्याला जोडून जंगलाचा विषय घ्या. १८७८ आणि १९२७ चे वन कायदे, मग २००६ चा वनहक्क कायदा, ज्याच्या प्रास्ताविकेतच 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आहेत. पर्यावरणाच्या धड्यात 'आदिवासी जंगल तोडतात' असं सहज बोलून जाणाऱ्या शिक्षकाला वर्गातल्या किती मुलांच्या घरी वनपट्ट्याचा दावा पडून आहे हे माहीत असायला हवं.

वेगळं सत्र की मुरवलेलं, याचं उत्तर: भाषा आणि इतिहास वेगळे, बाकी सगळीकडे मुरवलेलं. लिंगभावाच्या सत्रात आश्रमशाळेतल्या मुलींचा प्रश्न यायलाच हवा, दिव्यांगत्वाच्या सत्रात पाड्यापासून शाळेपर्यंतची पायवाट यायला हवी.

नोंदवही

सह्यवेध यांनी वर्गातलं सांगितलं. माझा आग्रह आहे की एक पूर्ण तास शाळेच्या कागदपत्रांना द्या. मुलाचं सगळ्यात टिकाऊ नुकसान जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) होतं आणि ते करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं.

नावापासून सुरुवात करा. वारावरून, ऋतूवरून ठेवलेली नावं गुरुजींना 'गावठी' वाटतात, मग प्रवेशाच्या दिवशी मंगळ्याचा मंगेश होतो. आधारवर एक नाव, रजिस्टरमध्ये दुसरं, आईबापांच्या तोंडी तिसरं. जन्मतारीख विचारायचे कष्ट नकोत म्हणून सगळ्यांची १ जून. आडनावाच्या जागी कधी पाड्याचं नाव, कधी जमातीचं.

जमातीची नोंद तर अजून नाजूक. कोकणा, कोकणी, कुकणा किंवा ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर हे शब्द अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत, म्हणजे अनुसूचीत, नेमके लिहिलेले आहेत. शिक्षकाने घाईत नुसतं 'कोळी' लिहिलं आणि मूल मल्हार कोळी असेल, तर पुढे जमातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर ते कुटुंब वर्षानुवर्षं खेटे घालतं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या (जमातींच्या यादीचा आदेश निघाल्याच्या) तारखेच्या आधीच्या नोंदींना मोठं वजन असतं. आजोबांच्या पिढीत कोणी शाळेत गेलेलंच नसेल तर आज तुम्ही लिहाल तीच त्या घराची पहिली शालेय नोंद. मूल शाळा सोडून गेल्यावर ती बदलणं फार अवघड जातं.

प्रशिक्षणात हे असं करा: प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेच्या रजिस्टरच्या अलीकडच्या दोन पानांवरच्या नोंदी नावं झाकून आणायच्या. जमातीचा रकाना अनुसूचीशी ताडून बघायचा, १ जून किती ठिकाणी आहे ते मोजायचं. मग प्रवेशाच्या वेळी पालकाला कोणते चार प्रश्न विचारायचे ते ठरवायचं: घरात काय हाक मारता, कागदावर काय हवं, जमात तुम्ही काय सांगता, घरात कोणाचा दाखला आहे का. लिहिलेलं पालकाला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा किंवा सही.

दुसरा कागद हजेरीपट. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. हजेरीवर ते मूल 'सतत गैरहजर' दिसतं आणि शिक्षकांच्या खोलीत 'यांना शिक्षणाची आवडच नाही' असा निष्कर्ष निघतो. उचल कोणाकडून घेतली जाते, ती कशी फेडली जाते, मालक कोणत्या तालुक्यातला, हे शिक्षकाला समजलं तर वाक्य बदलतं. कामही बदलतं: जाण्याआधी शिक्षण हमी पत्रक हातात द्यायचं, भट्टीजवळच्या शाळेला फोन करायचा, पटावरून नाव काढायचं नाही, आणि परत आल्यावर वयानुरूप वर्गात बसवायचं.

डोंगरपाडा

बोलायला कोणाला बोलवावं आणि आदिवासी शिक्षकांचं काय, यावर लिहितो.

आम्हा आदिवासी शिक्षकांना अशा प्रशिक्षणात उभं करून 'तुमच्या चालीरीती सांगा' म्हणणं बंद करा. तिथे आम्ही शिकायला आलेले शिक्षक असतो, नमुना म्हणून आलेले नसतो. कोणाला स्वतःहून सत्र घ्यायचं असेल तर महिनाभर आधी विचारा, तयारीला वेळ द्या, आणि साधन व्यक्ती म्हणून आदेशात नाव घाला. आयत्या वेळी माईक हातात देऊ नका.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'आदिवासी बाजू' अशी एकच बाजू नसते. शिकलेल्या, जमीन असलेल्या जमाती पुढे आणि कातकरी सगळ्यात मागे, ही उतरंड आमच्यातही आहे. कातकऱ्याचं मूल वेगळं बसवणं, त्याच्या हातचं पाणी टाळणं, हे आदिवासी शिक्षकाकडूनही होतं आणि आदिवासी मुलांकडूनही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात, ते उगाच नाही. सगळेच वक्ते कोकणा-वारली असतील तर कातकरी मुलाची गोष्ट त्या सभागृहात येणारच नाही. किमान एक कातकरी व्यक्ती बोलणाऱ्यांत हवी, आणि शक्यतो बाई. पोराला शाळेत सोडायला आणि शाळेतून बोलणी खायला तीच येते.

माणसं शोधताना ओळखीच्या पुढाऱ्याकडे जाऊ नका. पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याची ग्रामसभा असते, तिच्याकडे लेखी मागणी करा: शाळेत मुलांना काय त्रास होतो यावर बोलणारे दोघं आम्हाला हवेत, एक चाळिशीच्या आतलं, एक साठीच्या पुढचं. आराखडा ठरण्याआधी त्यांना भेटा. सत्राचे प्रश्न त्यांनी ठरवायचे, तुम्ही नाही. ठरलेल्या कार्यक्रमात येऊन दहा मिनिटं बोलून जाणं म्हणजे सहभाग नव्हे.

मानधन बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाइतकंच द्या. इथे कागदात अडकतं: पॅन नाही, बँकखातं दुसऱ्या नावाने, मग पैसे तीन महिन्यांनी किंवा कधीच नाही. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला प्रवासखर्च आणि त्या दिवसाची मजुरी संध्याकाळी रोख मिळाली पाहिजे. त्यासाठी किरकोळ खर्चाची मंजुरी आधीच घेऊन ठेवा. जेवणाच्या पंगतीत त्यांना तज्ज्ञांबरोबर बसवा. हे लिहावं लागतं, कारण तसं होत नाही.

तारखा बघून ठरवा. लावणीच्या जुलैत कोणी येणार नाही. कापणी सुरू झाली की नाही, आणि दिवाळीनंतर कातकरी गावात नसतातच. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर अखेर हा काळ बरा.

आणि शब्द: कागदपत्रात अनुसूचित जमाती लिहा, बोलताना आदिवासी म्हणा. 'वनवासी', 'मागास', 'भोळेभाबडे' हे तिन्ही शब्द प्रशिक्षकांच्या तोंडून जाऊ देऊ नका.

खडूफळा

खूप उपयोगी. दोन शंका राहिल्या. वरिष्ठांचा आग्रह आहे की पहिलंच सत्र अॅट्रॉसिटी कायद्यावर घ्यावं, म्हणजे शिक्षक गांभीर्याने घेतील. ते योग्य वाटतं का? आणि दोन दिवसांनंतर शाळेत काही बदललं का, हे कसं पाहावं?

कलम१७

पहिल्या सत्रात घेऊ नका. सुरुवातीलाच गुन्हा आणि अटक ऐकली की पुढचे दोन दिवस कोणी खरं बोलत नाही. पण गाळूही नका. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी चाळीस मिनिटं पुरतात.

त्यात दोन कायदे वेगळे करून सांगा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक (अॅट्रॉसिटी) कायद्याच्या कलम ३ मध्ये सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमान करणं आणि जातिवाचक शिवीगाळ करणं हे गुन्हे येतात. २०१५ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. हा कायदा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या आरोपीलाच लागतो. त्यामुळे आदिवासी शिक्षकाने कातकरी मुलाला हिणवलं तर कायदा गप्प आहे असा गैरसमज होतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, ते प्रत्येक शिक्षकाला लागू आहे, जात-जमात कोणतीही असो. उल्लंघन झालं तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. शिक्षकांनी हे दुसरं कलम पाठ करावं, रोजच्या वागण्याशी त्याचाच संबंध जास्त.

आश्रमशाळांचे लोक असतील तर अधीक्षक, स्वयंपाकी आणि कामाठी यांनाही बोलवा. तिथली मुलं संध्याकाळी सहानंतर ज्यांच्या ताब्यात असतात त्यांना वगळून केलेलं प्रशिक्षण अर्धंच राहतं.

ऊनपाऊस_व्हँकुव्हर

मी कॅनडात ब्रिटिश कोलंबियात शिकवते, म्हणून इथल्या व्यवस्थेतलं जे उपयोगी पडेल तेवढंच.

इथे आदिवासी मुलांना घरून काढून निवासी शाळांत घालण्याचं धोरण शंभर वर्षांहून अधिक चाललं, सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातल्या ६२ आणि ६३ क्रमांकाच्या शिक्षणाबद्दल आहेत, शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांसह. २०१९ मध्ये या प्रांताने शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांत नववं मानक घातलं: आदिवासींचा इतिहास आणि त्याचा आजवरचा परिणाम यांचा आदर करणं हे शिक्षकाचं काम आहे. २०२३-२४ पासून बारावी उत्तीर्ण व्हायला आदिवासी विषयाचे चार श्रेयांक लागतात. म्हणजे विषय एखाद्या उत्साही प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिला नाही. तुमच्याकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या वार्षिक नियोजनात आणि केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) मासिक शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत हा विषय कायमचा बसवून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण आहे, त्यातले काही तास यासाठी मागता येतील.

एक सावधगिरी. इथे जमिनीवर चादरी पसरून, लोकांना त्यावर उभं करून, इतिहास सांगत एकेक चादर काढून घेणारा सराव शिक्षकांसाठी बराच वापरला जातो. परिणामकारक आहे, पण खोलीत ज्यांच्या घरी हे घडलं आहे त्यांना तो सोसवत नाही. म्हणून आधी सांगितलं जातं, बाहेर बसायची मुभा असते आणि नंतर वडीलधारी व्यक्ती सोबत बसते. वेठबिगारीवर अभिनयातून काही करण्याचा विचार असेल तर हे तिन्ही पाळा, नाहीतर करू नका.

निवासी शाळा आणि आश्रमशाळा एकच, अशी तुलना मात्र कोणी सभागृहात करू नये. आश्रमशाळेत पालक आपल्या इच्छेने मूल पाठवतात. घरची भाषा, शेतीचे दिवस आणि सण मुलापासून तुटतात एवढा मुद्दा घ्या आणि त्यावर काय करता येईल ते बोला.

सह्यवेध

नंतर काय पाहावं, याचं उत्तर देतो. प्रशिक्षणाच्या शेवटी अभिप्राय अर्ज भरून घेतात त्याला काही अर्थ नाही, त्यात सगळं उत्तमच असतं. एका पानाचं निरीक्षणपत्रक करा आणि केंद्रप्रमुखांनी ते तीनदा भरायचं: प्रशिक्षणाआधी, महिन्याने आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर.

त्यात मोजता येतील अशाच गोष्टी ठेवा. एका तासिकेत शिक्षकाने किती मुलांना नावाने प्रश्न विचारला, त्यात कातकरी मुलं किती. प्रश्नानंतर किती सेकंद थांबले. तीन सेकंदांच्या आत पुढच्या मुलाकडे वळत असतील तर घरच्या बोलीत विचार करणाऱ्या मुलाला वेळच मिळत नाही. फळ्यावर किंवा भिंतीवर घरच्या बोलीतले शब्द आहेत का. त्या दिवशी झाडलोट आणि पाणी यांची पाळी कोणाकडे होती, आणि पाळीचा तक्ता लावलेला आहे का. प्रवेश नोंदीत पालकाला वाचून दाखवल्याची सही आहे का.

केंद्रप्रमुख येणार म्हटल्यावर वर्ग सजतो, हे गृहीत धरा. म्हणून पालकांच्या बाजूनेही तपासा. डोंगरपाडा सरांनी सुचवलेल्या ग्रामसभेच्या त्याच दोन व्यक्तींनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीआधी पाच-सहा पालकांना विचारावं: पोरगं शाळेतलं घरी येऊन काय सांगतं, त्याला शाळेत काय हाक मारतात, शाळेत गेल्यावर तुम्हाला बसायला खुर्ची मिळाली का. उत्तरं समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्तात आलेल्या गोष्टीवर पुढच्या बैठकीत काय केलं ते सांगावं लागतं. त्या दोघांच्या या कामाचं मानधनही आताच्याच अंदाजपत्रकात धरा, नंतर ते मंजूर होत नाही.